मिसरूड फुटण्याच्या वयातली तालीम

महाराष्ट्रातल्या तालमींचा इतिहास बहुतेक वेळा गाजलेल्या पैलवानांच्या नावांनी लिहिला जातो. कोणी कोणाला किती मिनिटांत चितपट केले, कोणत्या संस्थानिकाने कोणाला पोसले, कोणाच्या दंडात चांदीचे कडे घातले गेले, हा त्या लेखनाचा मजकूर असतो. पण तालमीच्या दारातून रोज आत जाणाऱ्यांत पैलवान थोडे आणि पोरे फार, हे साधे वास्तव त्यात हरवते. बारा-तेराव्या वर्षी मोठ्या भावाचे बोट धरून आलेला, मिसरूड फुटेपर्यंत जोर-बैठका मारणारा, आखाड्यात कधी नाव न काढणारा आणि पुढे दुकानात, शेतात, कचेरीत किंवा गिरणीत कामाला लागलेला मुलगा हाच तालमीचा खरा गिऱ्हाईक होता. त्याच्या बाजूने पाहिले तर तालीम ही मल्ल घडवण्याची शाळा कमी आणि वाढत्या वयातल्या मुलांच्या शरीराची जबाबदारी वस्तीने उचलण्याची व्यवस्था जास्त ठरते. ही व्यवस्था विसाव्या शतकात शाळेकडे सोपवली गेली आणि त्या हस्तांतरात काही फार मोलाचे मिळाले, तसेच काही फार मोलाचे गळून पडले, असे माझे म्हणणे आहे. गळून पडले ते व्यायामाचे प्रकार नव्हेत. रोजचा नेम, चालत जाण्याइतके अंतर आणि निवड न करता सर्वांना आत घेण्याची रीत, या तीन गोष्टी गळाल्या. किशोरवयातल्या शरीरातील मंद, चिवट दाहाविषयी गेल्या तीस वर्षांत जे संशोधन झाले, त्याने या तीन गोष्टींचे मोल नव्याने दाखवून दिले आहे, म्हणून हा इतिहास आज पुन्हा वाचायला हवा.

या परंपरेची मुळे जुनी आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविद्येवर स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांचा आहार, त्यांची मेहनत, त्यांच्यातली प्रतवारी हे सारे तिथे राजाच्या करमणुकीचा भाग म्हणून येते. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी मारुतीची मंदिरे उभारली आणि बलोपासनेला भक्तीची बैठक दिली. मारुतीच्या देवळाशेजारी तालीम ही रचना पुढे गावोगाव रुजली. पेशवाईच्या उत्तरार्धात दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला आजचे रूप दिले, असे परंपरा सांगते. राजाश्रयाची ही कहाणी खरी असली तरी माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा काळ त्यानंतरचा आहे. 1818 मध्ये पेशवाई बुडाली. फौजा मोडल्या, शिलेदार-बारगिरांची रोजीरोटी गेली. धन्याविना उरलेली ही युद्धविद्या नाहीशी व्हायची, ती पुण्याच्या पेठांत, कोल्हापूरच्या गल्ल्यांत, सातारा-सांगलीकडच्या गावांत टिकली, कारण तिने वस्तीतली पोरे धरली. गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. मातंग समाजातल्या या वस्तादाकडे मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकणारे जोतीराव फुले दांडपट्टा शिकायला जात. लढाई करण्याची शक्यता संपलेल्या काळात ही मुले दांडपट्टा शिकत होती, ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. शस्त्राचा उपयोग संपला होता, पण त्या निमित्ताने घडणारी मेहनत उरली होती आणि ती रोज घडत होती.

या मेहनतीचे स्वरूप काय होते? तालमीत मधोमध हौद, त्यात तांबडी माती. ही माती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून ती कमावलेली असे, आणि रोज ती फावड्याने खणून उकरणे हाच नव्या पोराचा पहिला व्यायाम. मग जोर, बैठका, सपाट्या, करेल फिरवणे, मल्लखांब, शेवटी खडाखडी. कोवळ्या पोराला पहिल्या दिवशी कोणी शंभर जोर मारायला लावत नसे. आज दहा, आठ दिवसांनी पंधरा, अशी वाढ वस्ताद स्वतः ठरवी. दमलेल्याला बसवणे, आजाऱ्याला परत पाठवणे, अंग चोरणाऱ्याला टोकणे हेही त्याचेच काम. नवख्याशी थोरला खेळे तेव्हा तो जोर लावत नसे, डाव दाखवत असे. एकाच हौदात दहा वर्षांचा आणि तीस वर्षांचा उतरे, त्यामुळे शिकवण्याचा भार एकट्या वस्तादावर पडत नसे. फी नव्हती किंवा नावापुरती होती. तेल आणि माती यांचा खर्च वर्गणीतून, एखाद्या सावकाराच्या देणगीतून किंवा मारुतीच्या नावाने निघे. शाळेत जाण्याआधी पहाटे किंवा दिवे लागायच्या वेळी दोन तास, असा क्रम वर्षानुवर्षे चाले. पुण्यात खालकर तालीम, गुलशे तालीम, चिंचेची तालीम, नगरकर तालीम, कोल्हापुरात गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही नावे नुसती वाचली तरी दिसते की तालीम पेठेची किंवा गल्लीची असे. तिथे पोहोचण्यासाठी मुलाला कोणाची परवानगी, वाहन किंवा वेगळी वेळ लागत नसे.

या वयाला मेहनतीची गरज आहे, हे त्या काळातल्या विचारी माणसांनाही कळत होते. याचे सर्वांत परिचित उदाहरण टिळकांचे. 1873 साली ते डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि प्रकृतीने किरकोळ होते. पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून व्यायाम, पोहणे आणि कुस्ती यांना दिले. अभ्यासाचे वर्ष मागे पडले, पण पुढच्या आयुष्यातला मंडालेचा तुरुंगवास त्या कमावलेल्या शरीरावर निभावला असे त्यांचे चरित्रकार सांगत आले आहेत. एका माणसाच्या आयुष्यावरून आरोग्यशास्त्राचा नियम काढता येत नाही, आणि मी तो काढतही नाही. मला त्यात दिसते ते वेगळेच. सोळाव्या वर्षीचे एक वर्ष शरीराला देणे ही तेव्हाच्या मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातही समजण्याजोगी, सांगण्याजोगी गोष्ट होती. आज दहावी-बारावीच्या वर्षात तोच निर्णय घेणाऱ्या मुलाच्या घरात काय होईल, याची कल्पना करणे अवघड नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र तालमीवर दुसऱ्याच कारणाने सरकारची नजर वळली. चापेकर बंधूंनी पुण्यात मुलांना जमवून कवायत आणि व्यायाम चालवला होता, आणि 1897 मध्ये प्लेग अधिकारी रँडचा वध झाला. पुढे नाशिकच्या क्रांतिकारकांच्या वर्तुळातही व्यायामाला मान होता. तेव्हापासून आखाडा म्हणजे संशयाची जागा असे समीकरण पोलिसांच्या दप्तरात पक्के झाले. या राजकीय छायेमुळे तालमीचा इतिहास लिहिणाऱ्यांचेही लक्ष कटांकडे आणि वीरांकडे गेले. रोज संध्याकाळी घाम गाळून घरी जाणारी हजारो पोरे कागदावर आलीच नाहीत.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात महाराष्ट्राने आणि मराठी माणसांनी व्यायामात जे काम केले, त्याला दुसरीकडे तोड मिळणे कठीण. बडोद्यात जुम्मादादांच्या आखाड्याचे रूपांतर प्रा. माणिकराव यांनी व्यायाम मंदिरात केले आणि शेकडो मुलांना एका वेळी करता येईल अशी सांघिक कवायत देशी भाषेतल्या आज्ञांसह बसवली. अमरावतीला 1914 साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. पुण्यात 1924 मध्ये शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले, तर मुंबईत 1925 मध्ये काळे गुरुजींचे समर्थ व्यायाम मंदिर उभे राहिले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1912 साली खासबागचे मैदान खुले केले, आणि कुस्ती ही दरबाराची मिरास न राहता हजारोंनी पाहायची गोष्ट झाली. बडोद्याहूनच द. चिं. मुजुमदार यांनी 1936 ते 1949 या काळात ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत प्रसिद्ध केला. एका प्रादेशिक भाषेत निव्वळ व्यायामावर दहा खंडांचा कोश निघतो, यावरून त्या पिढीने हा विषय किती गंभीरपणे घेतला होता हे दिसते. माणिकरावांकडे शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे म्हणजे स्वामी कुवलयानंद यांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि योगक्रियांचे परिणाम क्ष-किरणांनी व शरीरशास्त्राच्या मोजमापांनी तपासायला घेतले. परंपरेला प्रयोगशाळेत नेऊन विचारायचे, जे टिकेल ते घ्यायचे, ही त्यांची वृत्ती आजही आदर्श वाटावी अशी आहे.

या सर्वांत औंधचा प्रयोग माझ्या मुद्द्याच्या सर्वांत जवळचा. राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी आधी दहाएक वर्षे पाश्चात्त्य शरीरसौष्ठवपटू सँडोच्या पद्धतीचा व्यायाम केला, मग ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि शेवटपर्यंत त्यांचे प्रचारक राहिले. आपल्या छोट्या संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले, मुलग्यांना तसेच मुलींना. त्यांचे म्हणणे सरळ होते. या व्यायामाला जागा लागते ती अंगाएवढी, साहित्य काही लागत नाही, पैसा लागत नाही, आणि घरातली बाई, मुलगी, म्हातारा कोणीही तो करू शकते. त्यांच्या घरातल्या स्त्रियाही नमस्कार घालत. 1938 मध्ये लंडनला लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांचे विचार पुस्तकरूपाने इंग्रजी वाचकांपुढे ठेवले आणि औंधचे नाव साताऱ्याच्या माळरानावरून तिथवर गेले. पण पंतांच्या मनात जगापेक्षा आपल्या शाळेतली पोरे जास्त होती, आणि त्यांचा आग्रह प्रकारापेक्षा नेमावर होता. आठवड्यातून एक तास उत्तम व्यायाम करून घेण्यापेक्षा रोज थोडे नमस्कार घालणे त्यांना महत्त्वाचे वाटे.

या सुधारकांनी उभारलेल्या दबावातून शारीरिक शिक्षण सरकारी कामकाजात आले. मुंबई प्रांतात कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, 1938 मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी संस्था निघाली आणि शाळांच्या वेळापत्रकात या विषयाला तास मिळाला. हा विजय खरा होता. तालमीच्या दारात ज्या मुलीला कोणी उभे केले नसते, तिला या तासाने मैदानात आणले. लेझीम, खो-खो, कबड्डी, कवायत हे सारे जातीची विचारपूस न करता शिकवले जाऊ लागले. पण व्यवस्था बदलली की तिच्या आतला गुणही बदलतो. तालमीतला क्रम रोजचा होता, शाळेतला तास आठवड्यातून दोन-तीनदा. त्यातही रांगा लावणे, हजेरी, कवायतीची वाट पाहणे वजा केले तर धाप लागेल अशी हालचाल किती मिनिटांची उरते, हे कोणत्याही मैदानाच्या कडेला उभे राहून पाहता येते. शाळा दीड महिना उन्हाळ्यात बंद, परीक्षेच्या आधी तास गणिताला दिलेला. दुसरीकडे खेळांचे संघ, जिल्हा-विभाग-राज्य अशा पायऱ्या आणि पुढे क्रीडागुणांची सवलत आली. त्यामुळे शाळेचे लक्ष निवडलेल्या बारा मुलांवर गेले आणि उरलेली कडेला बसून टाळ्या वाजवू लागली. तालमीत मागे पडणारे पोरही माती उकरत असे, जोर मारत असे. संघात न निवडलेल्या पोराला शाळेत करण्यासारखे काहीच उरले नाही. ज्या सुधारकांनी शारीरिक शिक्षण सर्वांसाठी मागितले, त्यांना हे चित्र मान्य झाले असते असे मला वाटत नाही.

आता शरीरशास्त्राकडे वळतो, कारण याच दशकांत किशोरवयाविषयीची समज पार बदलली. कोरियाच्या युद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वय बावीस. तीनशे हृदये तपासली, आणि सुमारे 77 टक्क्यांमध्ये हृदयाच्या रोहिण्यांच्या विकाराच्या खुणा होत्या. बाविसाव्या वर्षी खुणा दिसतात याचा अर्थ सुरुवात त्याच्या बऱ्याच आधी, म्हणजे मिसरूड फुटण्याच्या वयात झालेली असते. पुढे रसेल रॉस यांनी 1999 मध्ये मांडले की रोहिण्यांचा हा विकार म्हणजे नळीत चरबी साठण्याइतका सोपा प्रकार नाही, तो दीर्घकाळ चालणारा दाह आहे. जखम झाली की येणारी सूज आपल्या ओळखीची असते. ती येते, काम करते, उतरते. इथे मात्र कुठेही जखम नसताना रक्तात दाहाचे निदर्शक थोडे वाढलेले राहतात आणि वर्षानुवर्षे तसेच राहतात. सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन हा त्यांतला सर्वांत वापरात असलेला निदर्शक. पोटातली, अवयवांभोवतीची चरबी नुसती साठून राहत नाही, ती दाह वाढवणारी रसायने सोडते, हे 1990 नंतर स्पष्ट होत गेले. त्याच्या उलट बाजूला कोपनहेगनच्या बेंटे क्लार्लुंड पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की आकुंचन पावणारा स्नायू स्वतःही रक्तात संदेश सोडतो. त्यांच्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना जीवाणूंच्या विषाची अगदी सूक्ष्म मात्रा दिली. विश्रांतीत असलेल्यांच्या रक्तात दाहकारक रसायन वाढले. आधी तासन्‌तास सायकल चालवलेल्यांमध्ये ती वाढ दबली. म्हणजे मेहनत करणारा स्नायू दाहाला आवर घालतो, आणि तो आवर प्रत्येक मेहनतीच्या पाठोपाठ नव्याने घातला जातो. इथे रोजच्या नेमाचा मुद्दा पुन्हा येतो. एकदा घेतलेल्या लसीसारखा हा परिणाम टिकत नाही. मेहनत थांबली की काही आठवड्यांत दम कमी होऊ लागतो आणि शरीर हळूहळू जुन्या जागी जाते.

किशोरांवरचे अभ्यास याहून एक पाऊल पुढे नेतात. 2006-07 मध्ये युरोपातील दहा शहरांत साडेबारा ते साडेसतरा वर्षांच्या तीन हजारांहून अधिक मुलामुलींची ‘हेलेना’ या नावाने मोठी पाहणी झाली. तिच्यातून आणि तिच्यासारख्या इतर पाहण्यांतून एक धागा पुन्हा पुन्हा हाती लागतो. ज्यांचा दम जास्त, ज्यांचे स्नायू बळकट, त्यांच्या रक्तात दाहाचे निदर्शक कमी. मूल दिवसात किती मिनिटे हलले यापेक्षा त्याची क्षमता किती, याच्याशी हा संबंध जास्त स्पष्ट दिसतो. त्याचा काही भाग अंगातल्या चरबीच्या प्रमाणातून येतो, हे खरे. पण आपल्याकडे तर नेमका हाच दुवा निर्णायक आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा पिढीभर मागोवा घेतला. त्यातून दिसले की आपली बाळे जन्मतः वजनाने कमी, स्नायूंनी बारीक, आणि तरी चरबीच्या प्रमाणात युरोपीय बाळांच्या फारशी मागे नाहीत. 2004 मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन या दोघांचा फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, 22. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. अंगाने सडसडीत दिसणारा मराठी मुलगा वजनकाट्यावर सुटतो, पण त्याच्या रक्तातला दाह सुटलेला असेलच असे नाही. म्हणूनच तालमीचा माप घेण्याचा जुना प्रकार मला अर्थपूर्ण वाटतो. वस्ताद पोराला तराजूत घालत नसे. किती जोर निघतात, किती वेळ खडाखडी टिकते, कधी दम तुटतो, हे पाहत असे. हे मोजमाप आजच्या अभ्यासकांच्या धावण्याच्या आणि पकडीच्या चाचण्यांच्या बरेच जवळ जाते.

या मांडणीवर पहिला आक्षेप न्याय्य आहे आणि तो जोरात घ्यायला हवा. तालमीने सगळ्यांना आत घेतले, असे म्हणताना अर्धी लोकसंख्या बाहेर होती. मुलींना तालमीत जागा नव्हती, आणि अनेक ठिकाणी अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांनाही सवर्णांच्या हौदात उतरता येत नव्हते. लहुजी वस्तादांची तालीम लक्षात राहते ती ती विरळा होती म्हणूनही. मुलींच्या बाबतीत जे काही मिळाले ते शाळेने, औंधच्या सक्तीने आणि विसाव्या शतकातल्या व्यायाम मंदिरांनी दिले. म्हणून तालीम जशीच्या तशी परत आणावी असे मी म्हणत नाही. निवड न करण्याचा गुण तिच्यात होता तो दाराच्या आत. दारावर मात्र जात आणि लिंग यांची निवड उभी होती. शाळेने दार उघडले आणि आत आल्यावर निवड सुरू केली. या दोन व्यवस्थांतले उणे बाजूला काढून अधिक एकत्र करणे, हे काम व्यायाम मंदिरांच्या पिढीने हाती घेतले होते आणि ते अर्धवट राहिले.

दुसरा आक्षेप असा की आखाड्यांनी गुंड पोसले. मुंबईच्या गिरणगावात व्यायामशाळा जॉबर (गिरणीत मजूर भरणारे मुकादम), घरमालक आणि वस्तीतले दादा यांच्या आश्रयाने चालत, संपाच्या वेळी आणि दंग्यांच्या वेळी तिथली कमावलेली शरीरे कोणाच्या तरी उपयोगी पडत. 1920 नंतर जातीय संघर्षातही आखाड्यांचे नाव आले. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावर उपाय म्हणून मुलांची ताकद कमी करणे हा असू शकत नाही. ती कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणाच्या पैशावर वाढते हा प्रश्न आहे, आणि तो प्रश्न वस्तीने सोडवायचा असतो. तिसरा आक्षेप वैद्यकाचा. जुन्या काळातल्या पोरांचे रक्त कोणी तपासले नाही, त्या काळी क्षय, हिवताप, प्लेग यांनी माणसे तरुणपणी मरत, मग तालमीने दाह कमी झाला असे कोण म्हणणार? बरोबर आहे. मीही तसे म्हणत नाही. जंतुसंसर्गांनी भरलेल्या त्या काळात दाहाचे निदर्शक वाढण्याची कारणे पुष्कळ असणार, आणि वस्तादांना या रसायनांची गंधवार्ता नव्हती. शिवाय पैलवानी सोडल्यावर खुराक तसाच चालू ठेवून मधुमेहाला आणि हृदयविकाराला बळी पडलेले मल्ल कुस्तीच्या गावांत सर्वांना ठाऊक आहेत. माझा दावा मर्यादित आहे. त्या व्यवस्थेच्या रचनेत जे गुण होते, तेच आजचे शास्त्र या वयासाठी मागते आहे.

शेवटचा आक्षेप पुराव्याच्या ताकदीचा. दम आणि दाह यांचा संबंध दाखवणारे बरेच अभ्यास एका वेळच्या पाहणीचे आहेत. बळकट मुलांत दाह कमी, की दाह कमी म्हणून ती मुले बळकट, हे त्यातून सुटत नाही. मुलांना काही महिने व्यायाम देऊन रक्त तपासणाऱ्या प्रयोगांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. ज्यांचे वजन जास्त त्यांच्यात फरक ठळक दिसतो, निरोगी सडपातळ मुलांत कधी दिसतही नाही, कारण खाली जायला तिथे फारशी जागाच नसते. पण या अनिश्चिततेतून व्यायामाच्या बाजूचा निर्णय ढासळत नाही. हाडांची घनता, मनाचे स्वास्थ्य, झोप, इन्सुलिनचे काम या साऱ्या बाजूंचे पुरावे त्याच दिशेने बोट दाखवतात. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटांची मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. 146 देशांच्या माहितीवरून 2016 साठी काढलेल्या अंदाजात अकरा ते सतरा वर्षांची 81 टक्के मुले त्याखाली होती. मुलगे 78 टक्के, मुली 85 टक्के. मुलींचा हा आकडा तालमीच्या बंद दाराची आठवण करून देणारा आहे, आणि शाळेचे दार उघडूनही काम पुरे झालेले नाही याचीही.

आजच्या महाराष्ट्रात रोजची मेहनत करणारी किशोर मुले कुठे दिसतात, ते पाहिले की व्यवस्थेचा मुद्दा आणखी उघडा पडतो. गावाकडच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी मुले आणि मुली पोलीस किंवा सैन्य भरतीसाठी धावतात. निकाल लागला, वय उलटले, की धावणे थांबते. शहरातली जिम पैसे मागते आणि बहुतेक ठिकाणी सोळा-अठराच्या आत दारातच अडवते. कोल्हापुरात आणि पुण्यात तालमींची नावे आहेत, इमारतीही आहेत, पण कित्येकांचे वर्षभराचे मुख्य काम गणेशोत्सव आणि निवडणूक एवढेच उरले आहे. दुसऱ्या बाजूला दादरच्या शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिरात दोरीच्या मल्लखांबावर मुली चढतात. पेशवाईत मल्लांसाठी घडलेला हा प्रकार आता मुलींचाही झाला आहे, आणि 2019 मध्ये मुंबईत त्याची पहिली जागतिक स्पर्धाही भरली. कुस्तीच्या मातीत आणि मॅटवर मुली उतरल्या आहेत, हरयाणाप्रमाणे कोल्हापूर-सांगलीकडेही. तालमीचा नेम आणि शाळेचे उघडे दार यांचा जो मेळ व्यायाम मंदिरांच्या पिढीला हवा होता, त्याची ही थोडीथोडकी उदाहरणे आहेत. ती वाढायची असतील तर खर्च मोठा नाही. महापालिकांकडे आणि ग्रामपंचायतींकडे व्यायामशाळांच्या इमारती आहेत, शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन बसलेले तरुण आहेत, शाळेची मैदाने संध्याकाळी कुलुपात आहेत. त्या मैदानांची कुलुपे संध्याकाळी दोन तास काढणे, तिथे एक पगारी वस्ताद आणि एक पगारी वस्तादीण नेमणे, आणि दहावीच्या वर्गाचाही हा वेळ कापायचा नाही असे शाळेच्या नियमात लिहिणे, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते.